चाळ रिकामी होण्याआधी: घर, आठवणी आणि बसाउठायच्या जागांचा फोटो-प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

फोटोग्राफी, मास मीडिया किंवा बीएफए करणाऱ्यांना कधी ना कधी 'कुटुंब', 'आठवण', 'माझा परिसर' अशा विषयावर फोटो-प्रकल्प करावाच लागतो. विषय ऐकायला सोपा वाटतो आणि म्हणूनच पुष्कळजण अडकतात. मी हा प्रकल्प वरळीच्या बीडीडी चाळींत केला. तिथे जे शिकलो ते क्रमाने लिहितो आहे. तुमची जागा गिरगावची चाळ असो, पुण्याचा वाडा असो किंवा गावातला पार, यातलं बरंचसं तिथेही उपयोगी पडेल.

आधी जागेबद्दल थोडं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे या चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. आता म्हाडाकडून पुनर्विकास सुरू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पिढ्यानपिढ्या तीच दारं, तेच शेजारी असलेली माणसं आता लिफ्टने वर जाऊन बंद दारामागे राहायला लागली आहेत.

पण 'हरवत चाललेली चाळ' म्हणून उसासे टाकायला तिथे जाऊ नका. सकाळी संडासाच्या रांगेत उभं राहून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना घरात स्वतःचा संडास मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. घराचा आनंद आणि शेजार सुटल्याची हुरहुर, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून पाच मिनिटांत ऐकू येतात. दोन्हींना जागा दिलीत तरच प्रकल्प खरा होईल.

माझं ठाम मत आहे की अशा प्रकल्पात फोटो हे अर्धंच काम असतं. उरलेलं अर्धं काम म्हणजे नोंद: फोटोत कोण आहे, कुठे आहे, कधीचा आहे आणि त्या माणसाने त्याबद्दल काय सांगितलं. खात्री हवी असेल तर तुमच्याच घरातला लग्नाचा अल्बम काढा. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांची नावं आज घरात सांगता येतात ते बघा.

## १. विषय लहान करा

'चाळीतलं जीवन' हा प्रकल्पाचा विषय होऊ शकत नाही. एका मजल्यावरचा पॅसेज दुपारी चार ते सात या वेळेत, हा विषय आहे. एका कुटुंबातल्या तीन पिढ्या आणि त्यांची झोपायची जागा, हाही आहे. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या गावची 'गावाची खोली', जिथे गिरणीत कामाला आलेले गाववाले एकत्र राहायचे, हा तर फारच भरीव विषय आहे.

एक कसोटी सांगतो. तुमचा विषय चाळीतल्या मावशींना एका साध्या वाक्यात सांगता आला पाहिजे. 'संध्याकाळी तुम्ही सगळ्या पॅसेजमध्ये बसता ना, त्याचे फोटो काढायचेत' हे त्यांना लगेच कळतं. 'अवकाश आणि स्मृती यांचं नातं' हे कॉलेजच्या फाइलमध्ये लिहा, दारात उभं राहून सांगू नका.

कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तर स्वतःच्या घरापासून करा. सूनी तारापोरवाला यांनी सत्तरच्या दशकात, विद्यार्थिनी असतानाच, आपल्या पारशी घरातल्या माणसांचे फोटो काढायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे त्यांचं समाजाबद्दलचं मोठं काम उभं राहिलं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं कामही बघा. परक्या माणसांच्या आयुष्यात किती जवळ जाता येतं आणि त्यासाठी किती काळ त्यांच्याबरोबर राहावं लागतं, हे त्यातून कळतं.

## २. कागदपत्रं आणि सामान

हे सगळं पहिल्या भेटीआधीच तयार ठेवा:

- कॉलेजच्या लेटरहेडवरचं, विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं मराठी पत्र. त्यात प्रकल्प शैक्षणिक असल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. चार-पाच प्रती काढा.
- कॉलेजचं ओळखपत्र.
- मराठीत छापलेलं एका पानाचं संमतीपत्र.
- जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल.
- कॅमेरा किंवा बरा फोन, जादा बॅटरी किंवा पॉवर बँक, दोन मेमरी कार्डं.
- जुन्या फोटोंसाठी मऊ सुती कापड, सुती हातमोजे आणि एक मोठा पांढरा कार्डशीट.

महागडा कॅमेरा लागत नाही. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ एमएमची लेन्स पुरते. एकच लेन्स घ्यायची झाली तर ३५ एमएमची घ्या. रेल्वे स्टेशनवर किंवा मेट्रोत प्रकल्पासाठी फोटो काढायचे असतील तर त्यांच्या जनसंपर्क विभागाची परवानगी आधीच मागा, ती यायला वेळ लागतो.

## ३. पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच राहू द्या

प्रत्येक चाळीत एखादं मंडळ असतं आणि मंडळात सगळ्यांना ओळखणारा एक कार्यकर्ता असतो. आधी त्याला भेटा, पत्र दाखवा. त्याने दोन घरांत नेऊन ओळख करून दिली की पुढचं काम निम्म्याने हलकं होतं. मात्र सगळीकडे त्यालाच बरोबर घेऊन हिंडू नका. त्याच्यासमोर लोक, विशेषतः बायका, मोकळेपणाने बोलत नाहीत.

इथे एक मोठा खड्डा आहे. पुनर्विकास चालू असलेल्या वस्तीत तुम्ही वही-पेन घेऊन दारात उभे राहिलात की लोकांना तुम्ही म्हाडाचे, महापालिकेचे किंवा बिल्डरचे वाटता. म्हणून 'सर्वे' हा शब्द चुकूनही वापरू नका. खोली कुणाच्या नावावर आहे, किती माणसं राहतात, भाड्याने दिली आहे का, हे विचारू नका. भाडेपावती, आधार कार्ड, नव्या घरासाठीच्या पात्रतेची चिठ्ठी असं काही फोटोच्या चौकटीत येत असेल तर तो फोटो काढू नका. नकळत आलंच तर तो फोटो कुणालाही दाखवू नका. तुमच्या एका फोटोमुळे एखाद्या घराच्या पात्रतेवर प्रश्न उभा राहू शकतो. काही खोल्या पोलिसांची सेवानिवासस्थानं आहेत, तिथे गणवेश आणि नावाची पट्टी टिपण्याआधी विचारा.

हाक मारताना 'मावशी' आणि 'काका' यांनी काम होतं. 'मॅडम'ने अंतर पडतं. चहा आला तर नाही म्हणू नका, आणि पहिल्या भेटीत चहापलीकडे काही मागूही नका.

## ४. संमती तीन पायऱ्यांची घ्या

फोटो काढायला हो म्हणणं, तो कॉलेजात दाखवायला हो म्हणणं आणि तो प्रदर्शनात किंवा इन्स्टाग्रामवर टाकायला हो म्हणणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. संमतीपत्रात तीन वेगळे चौकोन ठेवा आणि मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. नंतर मन बदललं तर फोटो काढून टाकू, हे वाक्य त्यात असू द्या आणि ते पाळा.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आई-वडिलांची सही घ्या. मुलांच्या शाळेचा बॅज, वर्ग, घराचा क्रमांक एकत्र दिसेल असा फोटो इंटरनेटवर टाकू नका. फोन वापरत असाल तर कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा.

घरातल्या जुन्या स्टुडिओ-फोटोंबद्दल एक शंका हमखास येते: कॉपीराइट कुणाचा? पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार झालेला नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार काढून घेणाऱ्याचा असतो. त्यामुळे परवानगी त्या कुटुंबाची घ्या. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर त्याचं नाव श्रेयात लिहा, तो मान त्याचा आहे.

## ५. बसाउठायच्या जागा शोधा

बीडीडीत गिरगावच्या चाळीसारखी बाहेरची गॅलरी नाही. मधून लांब पॅसेज जातो आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं आहेत. लोकांचं उठणं-बसणं त्यामुळे पॅसेजमध्ये, जिन्यावर, चाळीसमोरच्या कट्ट्यावर, मंडळाच्या फलकाखाली, व्यायामशाळेत, बुद्धविहारात, देवळाच्या पायरीवर आणि जांबोरी मैदानाच्या कडेला होतं.

माझ्या कामाला आलेली पद्धत अशी: एक जागा निवडा, तिथे उभं राहायची एक खूण ठरवा आणि त्याच खुणेवरून वेगवेगळ्या वेळी फोटो काढा. पहाटे पाण्याची वेळ, दुपार, शाळा सुटल्यावर, रात्री जेवणानंतर. प्रत्येक वेळी वहीत लिहा की कोण बसलं होतं, कशावर बसलं होतं आणि हातात काय काम होतं. आठवडाभरात वहीतून असं काही उमटायला लागतं जे एकट्या फोटोत दिसत नाही. तोच पॅसेज दुपारी बायकांचा असतो, निवडणं-टिपणं तिथे चालतं. संध्याकाळी तो मुलांचा होतो. रात्री घरात जागा नसलेल्यांच्या गाद्या तिथे पडतात. कट्ट्यावर मात्र बायका क्वचितच बसलेल्या दिसतील. का, ते विचारा. त्या प्रश्नातून माझ्या प्रकल्पाची दिशाच बदलली.

माणसं नसतानाही जागा बघा. दारासमोर कायम ठेवलेलं स्टूल कुणाचं आहे? ते कुणी उचलत कसं नाही? फलकावर आज काय लिहिलं आहे, कुणाच्या निधनाची बातमी की दहावीच्या निकालाचं अभिनंदन? फलकाचा रोज एक फोटो काढलात तरी चाळीची छोटी रोजनिशी तयार होईल.

सणांबद्दल सावध राहा. दहीहंडी, गणपती आणि १४ एप्रिलची जयंती इथे मोठ्या उत्साहात होतात, फोटोही सहज मिळतात. पण त्या दिवशी शेकडो कॅमेरे तिथे असतात आणि सगळ्यांचे फोटो सारखेच येतात. आदल्या दिवशी जा. बांबू बांधणारी पोरं, वर्गणीची पावती फाडताना होणारी घासाघीस, मोठ्या पातेल्याभोवती कांदा चिरत बसलेल्या बायका, हे टिपायला तुम्ही एकटेच असाल.

जी कुटुंबं टॉवरमध्ये गेली आहेत त्यांच्याकडेही जा. त्यांना कोरा कागद द्या आणि जुन्या मजल्याचा नकाशा काढायला सांगा: वीस खोल्या, कुठे कोण राहायचं, कुणाच्या दारात टीव्ही बघायला गर्दी व्हायची. नकाशा चुकीचा आला तरी दुरुस्त करू नका. नवरा-बायकोचे नकाशे वेगवेगळे आले तर दोन्ही ठेवा आणि दोन्ही प्रकल्पात लावा.

## ६. कमी उजेडात काम

पॅसेज अंधारा असतो आणि ट्यूबलाइट चालू असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, म्हणजे फोटोत काळे पट्टे येणार नाहीत. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नका. थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला चेहरा चालत नाही. फ्लॅश टाळा. त्याने भिंती सपाट होतात आणि पॅसेजभर तुमच्या येण्याची दवंडी पिटली जाते.

खोलीत एका बाजूने खिडकीचा निळसर उजेड आणि वर पिवळा बल्ब असं मिश्रण असतं. शक्य असेल तर बल्ब घालवायची परवानगी मागा आणि माणसाला खिडकीच्या बाजूला बसवा. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवलीत तर रंग नंतर सावरता येतात.

फोनवाल्यांसाठी दोन गोष्टी. खोली लहान म्हणून अल्ट्रावाइड लेन्सचा मोह होतो, पण कडेला बसलेल्यांचे चेहरे ताणले जातात. मुख्य लेन्स वापरा आणि उंबऱ्याबाहेर जाऊन काढा. पोर्ट्रेट मोड आणि ब्यूटी फिल्टर बंद ठेवा. माणसामागची मांडणी, भिंतीवरचे हार घातलेले फोटो, पोटमाळ्यावरच्या ट्रंका हीच तर कुटुंबाची माहिती आहे, ती धूसर करून कसं चालेल?

## ७. जुने अल्बम हाताळताना

अल्बम घरी नेऊ नका. कुणी 'ने गं, निवांत कर' म्हटलं तरी नेऊ नका. त्यांच्या घरात, त्यांच्यासमोर काम करा. एक तर वस्तू हरवण्याची जबाबदारी राहत नाही, दुसरं म्हणजे पानं उलटताना जे बोलणं निघतं ते फोटोइतकंच मोलाचं असतं. परवानगी घेऊन फोनवर ते रेकॉर्ड करा.

काळ्या पानांच्या अल्बममध्ये फोटो कोपऱ्यांच्या खाचांत बसवलेले असतात. ते हलकेच सोडवून मागची बाजू नक्की बघा आणि तिचाही फोटो घ्या: स्टुडिओचा शिक्का, तारीख, कधी कधी कुणाचं अक्षर. चिकट पानांवर प्लास्टिकचा कागद असलेल्या अल्बममधून मात्र फोटो ओढू नका, फाटतो. पान सपाट ठेवून तसाच टिपा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही काचेसकटच.

टिपताना फोटो खिडकीजवळ पांढऱ्या कार्डशीटवर ठेवा, कॅमेरा बरोबर वरून समांतर धरा. चकाकी येत असेल तर जागा थोडी बदला. स्कॅनर मिळत असेल तर ६०० डीपीआय ठेवा, पासपोर्ट आकाराच्या फोटोंसाठी १२००. निगेटिव्हच्या पट्ट्या सापडल्या तर कडेला धरा, बोटं मध्ये लागू देऊ नका. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडून त्यापासून थोड्या अंतरावर पट्टी धरून टिपता येतात, मग संगणकावर रंग उलटवायचे.

मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर या दोन्ही गोष्टी फोटो खातात. ओल्या कापडाने काही पुसू नका. घरच्यांना एवढंच सांगा की अल्बम लोखंडी कपाटात, भिंतीपासून दूर ठेवावेत आणि फोटोमागे बॉलपेनने लिहू नये, पेन्सिल वापरावी.

## ८. त्याच रात्री नोंद करा

फोटोओळ लिहिताना 'आजी आणि नातू, वरळी' एवढ्यावर थांबू नका. जुन्या फोटोची नोंद अशी असावी:

'डावीकडून थोरली आत्या, मांडीवर धाकटा काका, मागे शेजारच्या खोलीतली मावशी. १९८१ ची दिवाळी, गिरणी संपाच्या आदल्या वर्षीची. पलंग फोटोपुरता शेजाऱ्यांकडून आणला होता. माहिती देणारी: फोटोतलीच आत्या.'

माहिती कुणी दिली हे लिहिणं विसरू नका. पुढे दोन माणसांची हकीकत जुळली नाही तर तेवढाच आधार असतो.

वर्ष विचारलं तर बहुतेक वडीलधारे 'आठवत नाही' म्हणतात. वर्षाऐवजी घटना विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही गावी होता की इथे? तो डिसेंबर १९६७. मोठा दुष्काळ पडला तेव्हा लग्न झालं होतं का? १९७२. गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, आणि गिरणगावात 'संपाच्या आधी' आणि 'संपानंतर' हीच कालगणना आहे. बॉम्बस्फोट १२ मार्च १९९३, मोठा पाऊस २६ जुलै २००५. या तारखांचा एक कागद वहीला चिकटवून ठेवा. 'थोरला तेव्हा पहिलीत होता' एवढं कळलं तरी वर्ष काढता येतं.

फोटोतही खुणा असतात. भिंतीवरचं कॅलेंडर मोठं करून बघा, कित्येकदा महिना वाचता येतो. कालनिर्णय असेल तर फोटो १९७३ च्या आधीचा नाही. टीव्ही दिसत असेल तर १९७२ च्या आधीचा नाही, कारण मुंबई दूरदर्शन त्या वर्षी सुरू झालं. नव्वदच्या दशकातल्या प्रिंटवर कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख असते, तिच्यावर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कॅमेऱ्यातली तारीख पुष्कळांनी कधी लावलेलीच नसायची.

## ९. निवड

लॅपटॉपवर निवडू नका. स्वस्तातले ४×६ प्रिंट काढा, जमिनीवर मांडा आणि काही दिवस तसेच राहू द्या. सुंदर पण काही न सांगणारा फोटो काढून टाकताना हात अडखळतो, तरी काढा. जुना फोटो आणि आजचा फोटो शेजारी ठेवून 'तेव्हा आणि आता' अशी जोडी करण्याची सवय फार आहे. एखादीच करा. शेवटची निवड चाळीतल्या एका माणसाला दाखवा. 'हे आमचं नाही' असं ज्या फोटोबद्दल ऐकू येईल तो पुन्हा तपासा.

## १०. परत देणं आणि जपणं

सबमिशन झालं की गायब होणारे विद्यार्थी चाळीने पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्याचा त्रास तुमच्यानंतर येणाऱ्याला होतो. ज्यांचे फोटो काढले त्यांना प्रिंट द्या, हाताने नेऊन द्या. मंडळाने होकार दिला तर चाळीच्या आवारातच दोरीला चिमट्यांनी प्रिंट लावून एका संध्याकाळचं प्रदर्शन करा. खाली कोरा कागद आणि पेन्सिल ठेवा. तिथे लोक तुमच्या फोटोओळी दुरुस्त करतील, नवी नावं सांगतील. ती सगळी नोंदीत घाला.

फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, दिवस, चाळ क्रमांक आणि अनुक्रम ठेवा. फोटोओळी फक्त वेगळ्या वर्ड फाइलमध्ये न ठेवता फोटोच्या आतल्या कॅप्शनच्या रकान्यातही भरा, लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते. तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या ठिकाणी, क्लाउडवर किंवा मित्राच्या घरी.

कुटुंबांना फाइल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो आकसतो आणि मोठा प्रिंट काढता येत नाही. आणि प्रत्येक घरातून दोन फोन नंबर घेऊन ठेवा, त्यातला एक तरुण माणसाचा. संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेल्यावर कुटुंबं पांगतात, आणि चाळ क्रमांकाच्या पत्त्यावर पाठवलेला प्रिंट घ्यायला तिथे कुणी नसतं.